खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: कोणता मासा, कधी आणि कुणाच्या आधी

गोड्या पाण्याची टाकी दोन-चार वर्षं सांभाळलेली माणसं खाऱ्या पाण्याकडे वळली की बहुतेक एकाच ठिकाणी घसरतात. टाकी भरली, मीठ घातलं, पाणी काचेसारखं दिसायला लागलं, की दुसऱ्याच दिवशी पाच मासे घरी येतात. आठवड्याभरात तीन जातात. मग मिठावर शंका, फिल्टरवर शंका, पुन्हा नवे मासे, आणि तेही जातात. मिठात किंवा फिल्टरमध्ये खोट क्वचितच असते. घाई झालेली असते आणि क्रम उलटा झालेला असतो.

इथे डोळ्यासमोर २०० लिटरची टाकी धरली आहे: खडक, वाळू, सहा मासे आणि थोड्या गोगलगायी. प्रवाळ नाहीत, ते नंतरचं प्रकरण. ‘आधी ४० लिटरवर हात बसवू’ असं म्हणून लहान टाकी घेऊ नका. लहान टाकीत एक मासा कपारीत मरून सडला तरी सगळं पाणी बिघडतं. मोठ्या टाकीत चूक लक्षात यायला आणि निस्तरायला वेळ मिळतो.

## टप्पा १: आधी यादी, मग टाकी

कागद घ्या आणि शेवटी टाकीत कोण कोण असणार ते लिहा. प्रत्येक नावापुढे मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, काय खातो आणि कुणाशी भांडतो, एवढं लिहा. दुकानात दिसतो तो आकार लिहू नका, तिथे बहुतेक पिल्लंच असतात. निळा टँग दुकानात बोटाएवढा असतो, पण वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. पिवळा टँग २० सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, पण दिवसभर पोहत राहणारा मासा आहे. दोघांनाही २०० लिटर म्हणजे कोठडी.

पहिल्या टाकीसाठी माझी यादी अशी: ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी, एक टेलस्पॉट ब्लेनी, एक रॉयल ग्रामा. यातला एकही साधारण १० सेंटिमीटरच्या फार पुढे जात नाही. शिवाय प्रत्येकाची जागा वेगळी आहे. गोबी वाळूवर, ब्लेनी खडकावर, ग्रामा कपारीत, फायरफिश कपारीच्या तोंडाशी, क्लाउन वरच्या पाण्यात. भांडणं बहुतेक जागेवरून होतात, म्हणून यादी करताना रंगापेक्षा जागा पाहावी.

पहिल्या वर्षी या यादीत येऊ नयेत ते जीव:

- मँडरिन. अतिशय देखणा, पण खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि हा मासा डोळ्यांदेखत उपाशी मरतो.
- मूरिश आयडल आणि क्लीनर रास. दोघंही बंदिस्त टाकीत अन्नाला तोंड लावायला फार खळखळ करतात.
- लायनफिश. तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि त्याचे काटे विषारी असतात.
- ट्रिगर आणि पफर. गोगलगायी आणि खेकडे फोडून खातात.
- अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. क्लाउनफिशला टाकीत अ‍ॅनिमोन लागतोच हा समज कशाने तरी पक्का बसला आहे. लागत नाही. उलट अ‍ॅनिमोनला तगडा प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो जागा शोधत भटकतो आणि पंपात अडकून चिंधड्या होतो.

‘इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा’ हे गोड्या पाण्यातलं गणित इथे विसरा. डॅमसेल जातीचा एक तापट मासा सहा शांत माशांची जागा अडवून बसतो.

## टप्पा २: पाणी आणि मीठ

२०० लिटर समुद्रपाणी म्हणजे साधारण २०५ किलो. काच, खडक आणि वाळू धरून अडीचशे किलोंच्या वर जातं. टेबल, जमीन आणि पातळी आधी तपासा. भरलेली टाकी हलवता येत नाही.

नळाचं पाणी वापरू नका. त्यातले फॉस्फेट, सिलिकेट आणि कधीकधी तांबं हे सगळं टाकीत साठत जातं. आरओ-डीआय पाणी घ्या, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) शून्य दाखवणारं. पिण्याच्या आरओवर विसंबू नका, अनेक यंत्रांत चवीसाठी खनिजं पुन्हा मिसळलेली असतात.

पहिली भरणी टाकीतच करता येते, कारण आत अजून कुणी नसतं. त्यानंतर मात्र मीठ नेहमी वेगळ्या पिंपात विरघळवायचं. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. कोरड्या मिठावर थोडं पाणी पडलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरे गोळे होतात, आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या थोडं वर मीठ लागतं, नेमका आकडा पिशवीवर असतो. आत पंप आणि हीटर सोडून रात्रभर फिरू द्या, मगच मोजा.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ ते १.०२६. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवा. प्लास्टिकच्या तरंगत्या काट्याने मोजलंत तर त्याला बुडबुडे चिकटतात, आकडा फसतो.

खडक थेट काचेवर बसवा आणि वाळू नंतर घाला. गोबी वाळू उकरतो, वाळूवर रचलेला डोंगर त्याच्या अंगावर कोसळतो. कपाऱ्या भरपूर ठेवा, लपायला जागा असेल तेवढी मारामारी कमी. पहिल्या टाकीला कोरडा खडक मला जास्त पटतो. समुद्रातून प्रवाळखडक काढायला अनेक देशांत बंदी आहेच, शिवाय जिवंत खडकासोबत नको ते पाहुणे येतात.

तपासा: टाकीवर जाळीचं झाकण आहे ना? फायरफिश उडी मारतो. माझा पहिला फायरफिश टाकीच्या मागे फरशीवर वाळलेला सापडला. झाकणात तारांसाठी ठेवलेली फट तीन बोटांची होती.

## टप्पा ३: मासा नसलेली टाकी चालवणं

या टप्प्यात दिसण्यासारखं काहीच घडत नाही, म्हणून लोक तो गाळतात.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा सडूनही अमोनियाच होतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. खडकावर, वाळूवर, स्पंजवर हे जिवाणू बसेपर्यंत टाकी मासा पेलू शकत नाही. समुद्रपाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी अंश मोठा. त्यामुळे गोड्या पाण्यात मासा निभावून नेईल एवढा अमोनिया इथे त्याला मारतो.

क्रम असा:

१. हीटर आणि पंप चालू, दिवे बंद. दिव्यांचा फायदा या काळात फक्त शेवाळाला होतो.

२. बाटलीतले समुद्री जिवाणू घाला. बाटलीवरची तारीख पाहा.

३. जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणा. हिशेब खऱ्या पाण्याचा करा. २०० लिटरच्या टाकीत खडक-वाळू गेल्यावर पाणी १७० लिटरच्या आसपास उरतं.

४. दोन-तीन दिवसांनी एकदा अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा. अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरायला लागतं. अमोनिया शून्याला टेकला की पुन्हा २ पीपीएम करा.

५. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं लागोपाठ दोनदा झालं की टाकी तयार. कोरड्या खडकावर याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

६. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि साठलेलं नायट्रेट खाली आणा. माशांच्या टाकीत ते २० पीपीएमच्या आत पुरे. शून्याचा हट्ट नको, पोषण अगदी संपलेल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर माजतो आणि तो घालवणं महाकठीण.

नायट्राइटबद्दल एक गोष्ट. गोड्या पाण्यात ते माशाला घातक ठरतं. समुद्रपाण्यात क्लोराइड इतकं असतं की कल्ल्यांतून नायट्राइट फारसं आत शिरत नाही, त्यामुळे इथे त्याचा धाक बराच कमी. तरी ते शून्य होईपर्यंत थांबायचं, कारण दुसरा गट बसला की नाही हे त्यावरूनच कळतं. नायट्राइट असताना नायट्रेटचे बरेच किट फुगलेला आकडा दाखवतात, तेव्हा त्या काळातला नायट्रेटचा आकडा मनावर घेऊ नका.

सावधान: ‘एक-दोन डॅमसेल सोडा, टाकी लवकर तयार होते’ हा सल्ला अजूनही मिळतो. मासा जळत्या कल्ल्यांनी महिना काढतो, आणि वाचला तर टाकीचा मालक होऊन पुढच्या प्रत्येक माशाला झोडपतो. त्याला पकडून बाहेर काढायला सगळा खडक उपसावा लागतो.

याच काळात एक जास्तीचा स्पंज फिल्टर टाकीत चालू ठेवा. पाचव्या टप्प्यात तोच लागणार आहे.

## टप्पा ४: गोगलगायी आधी

टाकी तयार झाली, दिवे लागले, की आठवडा-दोन आठवड्यांत वाळूवर पिठासारखा तपकिरी थर येतो. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. घाबरून औषध घालू नका, बहुतेक वेळा ते आपणच ओसरतात. थर दिसला म्हणजे गोगलगायींना चरायला मिळालं. ट्रोकस आणि सेरिथ प्रत्येकी चार-पाच, वाळू हलवायला दोन-तीन नॅसारियस. एवढ्याने सुरुवात पुरे. ‘टाकीला शंभर गोगलगायी’ अशा तयार संचातल्या निम्म्या उपाशी मरतात आणि पुन्हा अमोनिया चढतो. हर्मिट खेकडे घेतलेच तर रिकामे शंख सोबत ठेवा, नाहीतर ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात.

माशांआधी यांना सोडण्याचं दुसरं कारण मोठं आहे. शंखावर माशांच्या परजीवींचे कोष चिकटून येऊ शकतात. टाकीत मासाच नसेल तर कोषातून निघालेल्यांना यजमान मिळत नाही आणि ते मरतात.

गोगलगायी आल्यावर टाकीत अमोनियम क्लोराइड घालणं बंद. जिवाणू जिवंत ठेवायला दोन दिवसांआड चिमूटभर माशांचं खाद्य पुरतं.

## टप्पा ५: क्वारंटाइनची टाकी

‘दुकानात तर ठणठणीत होता’ या वाक्याने सुरू होणाऱ्या गोष्टींचा शेवट मी इतक्यांदा ऐकला आहे की क्वारंटाइनशिवाय मासा घ्यायला आता हात धजत नाही.

५० लिटरची साधी टाकी, हीटर, झाकण, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, खडक नाही. फिल्टर म्हणून मुख्य टाकीत मुरलेला तो स्पंज. मासा इथे किमान चार आठवडे राहतो. अमोनिया पहिले दहा दिवस रोज तपासा. एवढ्याशा पाण्यात तो झपाट्याने चढतो, चढला की पाणी बदला.

नजर ठेवायची ती दोन रोगांवर. मरीन इकमध्ये अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात. लोक फसतात ते पुढे: काही दिवसांनी ठिपके आपोआप जातात, आणि ‘बरा झाला’ म्हणून मासा मोठ्या टाकीत जातो. परजीवी मेलेला नसतो. तो माशावरून गळून तळाशी कोष करून बसलेला असतो, आणि त्या एका कोषातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. पुढची लाट पहिलीपेक्षा जोरदार येते. दुसरा रोग व्हेल्व्हेट. अंगावर सोनेरी धुळीसारखा पातळ थर, वेगाने श्वास, पंपाच्या धारेत तोंड करून उभं राहणं. यात माशाच्या हाताशी आठवडे नसतात, दिवस असतात.

दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण फक्त क्वारंटाइनमध्ये. मात्रा औषधावर लिहिल्याप्रमाणे आणि तांब्याच्या टेस्ट किटने मोजून. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर मासा जातो.

सावधान: मुख्य टाकीत तांबं कधीही घालू नका. गोगलगायी, खेकडे, कोळंबी सगळे मरतात. खडक आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहतात.

मुख्य टाकीत इक शिरलाच तर एकूण एक मासा बाहेर काढून उपचार करायचा आणि टाकी ७६ दिवस माशांविना चालवायची. हा खटाटोप एकदा केलेला माणूस पुन्हा क्वारंटाइन टाळत नाही.

## टप्पा ६: दुकानात

घाई नसेल त्या दिवशी जा. मासा पाहा, पण दुकानदाराला आधी सांगा: समोर खाऊ घाला. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. पोट खपाटीला गेलेला, डोळे धुरकट, पर चिकटलेले, कल्ले शेजाऱ्यांपेक्षा भरभर हलणारे, असा मासा सोडा. त्याच पाण्यात एखादा मेलेला दिसला तर त्या टाकीतलं काहीच उचलू नका.

शक्य असेल तिथे बंदिवासात पैदास झालेला मासा मागा. ऑसेलारिस तसे सहज मिळतात. ते तयार खाद्य खातात आणि प्रवासाचे हाल कमी सोसलेले असतात.

क्लाउनफिशची जोडी निवडताना दोन लहान पिल्लं घ्या, एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठं. हे मासे सगळे नर म्हणूनच मोठे होतात. जोडीतला वरचढ मादी होतो, दुसरा नर राहतो. दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेत तर बहुधा दोन माद्या घरी येतील, आणि त्यातली एकच उरेल.

निघण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: तुमच्या पाण्याची क्षारता किती? अनेक दुकानं परजीवी दाबायला आणि मीठ वाचवायला १.०१८ ते १.०२० वर मासे ठेवतात.

## टप्पा ७: पिशवीतून पाण्यात

दुकानातल्या क्षारतेचा आकडा हाती असला तर काम सोपं आहे. क्वारंटाइनचं पाणी आदल्या दिवशीच तेवढ्या क्षारतेचं करून ठेवा. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगवा, तापमान जुळेल. मग पिशवी उघडा, मासा हलक्या हाताने किंवा भांड्याने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पुढच्या दिवसांत क्षारता हळूहळू ३५ पीपीटीवर आणा, रोज विशिष्ट गुरुत्वात ०.००२ पेक्षा जास्त वाढ नको. खाली उतरणं माशाला जमतं, झटकन वर चढणं त्याला सोसत नाही.

लांबचा प्रवास करून आलेल्या पिशवीसमोर तासभर थेंब-थेंब नळी लावून बसणं हे काळजीचं लक्षण वाटतं, पण त्यानेच मासा जातो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघडल्यावर मासा पटकन बाहेर काढा.

गोगलगायी, खेकडे, कोळंबी यांचं उलट. क्षारतेच्या झटक्याने ते कोलमडतात. त्यांना तास-दीड तास थेंब-थेंब पद्धतच बरी.

## टप्पा ८: कुणाच्या आधी कोण

जो आधी येतो तो जागा धरतो. म्हणून भित्रा आधी, दांडगा शेवटी. २०० लिटरच्या आपल्या यादीची मांडणी:

पहिली खेप: फायरफिश आणि वॉचमन गोबी. दोघं एकत्र क्वारंटाइनमध्ये, मग एकत्र मोठ्या टाकीत.

दुसरी खेप: टेलस्पॉट ब्लेनी आणि रॉयल ग्रामा. ग्रामा आपल्या कपारीपुरता तापट असतो, म्हणून फायरफिशने घर धरल्यावरच.

तिसरी खेप: क्लाउनची जोडी, एकटी.

प्रत्येक खेपेचे चार आठवडे धरले तर टाकी भरायला तीन-चार महिने लागतात. ही ढिलाई जिवाणूंच्याही सोयीची आहे. नवीन मासे आले की त्यांना वाढीव कामासाठी वाढायला वेळ लागतो. प्रत्येक खेप सोडल्यावर आठवडाभर अमोनिया मोजा. शून्यावरून हलला तर त्या दिवशी खाद्य बंद, पाणीबदल, आणि पुढची खेप पुढे ढकला.

क्लाउनसाठीच टाकी घेतली आणि मुलं रोज विचारतात, तर त्यांना पहिल्या खेपेत आणलंत तरी आभाळ कोसळत नाही. ऑसेलारिस त्यांच्या जातीत सौम्य आहेत. पण डॅमसेल किंवा सिक्स-लाइन रास हवाच असेल तर तो अगदी शेवटी, आणि माझं ऐकाल तर नकोच.

मोठ्या टाकीत सोडताना दिवे मंद करा आणि जुन्यांना आधी खाऊ घाला. एखादा जुना मासा पाठलाग करतोय असं दिसलं तर तासाभराने पुन्हा पाहा. नुसता पाठलाग चालतो. पर फाटणं आणि नवा मासा कोपऱ्यात वर अडकून राहणं चालत नाही. तेव्हा त्रास देणाऱ्याला जाळीच्या डब्यात दोन-चार दिवस कोंडा, नव्याला नाही. परत आल्यावर त्याचीच जागा हललेली असते.

वॉचमन गोबी रुळला की त्याला पिस्टल कोळंबीची सोबत देता येते. कोळंबीला जेमतेम दिसतं. ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघं आत. सगळ्या टाकीत मी सर्वांत जास्त वेळ हेच पाहत बसतो.

## टप्पा ९: पहिले तीन महिने रोज काय

पाणी उडतं, मीठ उडत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी बिनमिठाचं आरओ-डीआय पाणी घाला. मी सुरुवातीला खारं पाणी घालत होतो, ‘समुद्राच्या टाकीत समुद्राचंच’ अशा भाबड्या समजुतीने. हिशेब करून पाहा: २०० लिटर पाणी, रोज २ लिटर उडतं, १५ दिवसांत ३० लिटर. त्या ३० लिटरमधून किलोभर मीठ जास्तीचं आत जातं, आणि ३५ पीपीटीचे ४० होतात. टाकीच्या काचेवर टेपची पट्टी लावा, पाणी रोज त्या रेघेला यायला हवं.

खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आधी वितळवून, गाळून घाला. नवा मासा पहिले एक-दोन दिवस खात नसेल तर काळजी नको. चौथ्या दिवशीही तोंड फिरवत असेल तर खाद्य बदलून पाहा.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं, आदल्या रात्री मिसळलेलं.

वीज गेली तर हीटर आणि दिवे थांबले तरी काही तास निभतं. पाणी हललं नाही तर प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीपाशी चार्ज करून ठेवा, आणि महिन्यातून एकदा मुद्दाम प्लग काढून तो खरंच सुरू होतो का ते पाहा.